सुती कपडे आणू नयेत

माझ्या स्वालबार्डच्या सफरीसाठी बोटवाल्यांनी पाठवलेल्या यादीच्या पहिल्याच ओळीने माझं अख्खं कपाट बाद केलं: सुती काहीही आणू नये. सूत भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. तेव्हा अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर जाड स्वेटर आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जाकीट. स्वालबार्ड ७८ अंश उत्तरेला. जुलैत तिथलं सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास, आणि त्याला ते लोक उन्हाळा म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना मी हे तिन्ही थर चढवून आरशासमोर उभा राहिलो. ध्रुवप्रवासी नानसेनची ऐट येईल असं वाटलं होतं. आली ती कुकरमधल्या बटाट्याची.

खरेदी थंडीसाठी कमी आणि कॉलनीसाठी जास्त होती. रबरी बूट दोन जोड मोजे मावतील असे, एक माप मोठे घेतले. ते ‘पायात बसावेत म्हणून’ घालून संध्याकाळी कॅनॉटच्या बाजारात फेरी मारली. कुणीतरी विचारावं एवढीच इच्छा. एका पोराने विचारलं, “काका, कुठं पाणी तुंबलं का?”

आत्याने हिमरूची शाल पुढे केली. हिमरूत रेशमाबरोबर सूतही असतं, म्हणजे यादीनुसार बाद. पण आत्याला तसं सांगण्यापेक्षा ध्रुवीय अस्वल परवडलं. मेहुण्याने वेगळीच काडी टाकली: “दाजी, आपले पूर्वज तिकडचेच, असं लोकमान्यांनी १९०३ सालीच पुस्तकात मांडलंय. मूळगावी जाताना एवढं सामान कोण नेतं?”

यादीच्या तळाशी मात्र एक सूचना होती: बोटीवर गोडं पाणी मोजकंच असेल, रोज अंघोळीची अपेक्षा ठेवू नये. ती वाचून माझी छाती फुगली. हे आम्हाला शिकवता? तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे खळबळलेलं फरशीला, फरशीचं संडासात. अर्ध्या बादलीत अंघोळ, आणि त्यातही केस धुऊन दाखवतो. कुठल्या ड्रममध्ये प्यायचं आणि कुठल्यात वापरायचं, हे आमच्या घरात लहान पोरालाही झोपेत सांगता येतं. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तिकडे सूर्य मावळत नाही, म्हणून डोळ्यांवर पट्टी न्यायला सांगितलंय. नळ रात्री दोनला येणाऱ्या गावाला जागरणाचं भय काय घालता?

बढाई मारता मारता मीच चिडलो. याच गावात मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर आणली आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी खेळवलं. मोटार नाही, वीजबिल नाही. आज पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर जलाशय आहे, आणि आमच्या नळाची पाळी येते आठवड्याने. पेपरात त्याला ‘गॅप’ म्हणतात, जणू दोन दातांमधली फट. आणि मी पैसे मोजून कुठे निघालोय? जिथली निम्म्याहून अधिक जमीन बर्फाखाली आहे आणि ते बर्फ झपाट्याने वितळून समुद्रात चाललंय, तिथे. कौतुकाने बघायला.

माझ्या गैरहजेरीत पाळी आली तर घोळ नको, म्हणून मी बायकोसाठीही यादी केली: मोटारीचं बटण, लाईनमनचा नंबर, आधी कुठला ड्रम.

तिने ती वाचली. “अहो, रात्री दोनला मोटार कोण लावतं, ठाऊक आहे?”

मला वाटायचं, ती आपोआप लागते.

“आणि ड्रम कोण भरतं?”

मी मोज्यांच्या जोड्या लावायला घेतल्या.

“म्हणजे सराव माझा झालाय,” ती म्हणाली, “बोटीवर मीच जाते.” तिने बूट घालूनही पाहिले. ते तिला चार मापं मोठे झाले, तेवढ्यावर माझं तिकीट वाचलं.