आधी 'कै.', मग पुरस्कार

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात 'के. डी. जाधव' नावाचा एक इनडोअर हॉल आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीसाठी बांधला आणि त्याला हे नाव दिलं. २०१८ मध्ये मेरी कोम सहाव्यांदा जगज्जेती झाली ती याच छपराखाली. पुढे इथे आशियाई कुस्ती झाली, बॅडमिंटन झालं. जानेवारी २०२५ मध्ये इंडिया ओपनसाठी आलेल्या मिया ब्लिचफेल्ट या डॅनिश खेळाडूनं आत पक्षी उडतात, घाण आहे, अशी जाहीर तक्रार केली. नाव ठेवलं, झाडू ठेवायचा राहिला.

हे के. डी. कोण, असं बाहेरच्या रिक्षावाल्याला विचारून बघा. 'कोई मिनिस्टर रहे होंगे' हे उत्तर मिळण्याची शक्यता दांडगी. दिल्लीत पाटीवर नाव असलेला माणूस मंत्री नसेल तर मग कोण असेल, हा हिशेब तसा चुकीचा नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरात मात्र कुणाला विचारावं लागत नाही. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा गडी. १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या खर्चानं, आणि आले सहावे. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रासच्या निवड चाचणीत गुणांचा घोळ झाला. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लागली आणि त्यांनी ती मारली. निवड झाली. आता फक्त हेलसिंकीला जायचं होतं, म्हणजे पैसे हवे होते.

सरकारनं काय केलं हे वेगळं सांगायला नको. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आजच्या एखाद्या संस्थाचालकाला ही गोष्ट सांगितली तर त्याला घेरी येईल. त्याचा अनुभव नेमका उलटा आहे.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी पंधरा मिनिटांवर चाललेली कुस्ती खाशाबा हरले. अंगातला घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून पंचांशी भांडायला मॅटच्या कडेला एकही भारतीय पदाधिकारी नव्हता. पदाधिकारी नेमके कुठे होते यावर बोलण्यात अर्थ नाही. ते जिथे असतात तिथेच असणार. खाशाबा कांस्य घेऊन आले. कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर या माणसानं पुन्हा लंगोट बांधून कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, कारण प्राचार्यांचं घर सोडवायचं होतं.

आता पुरस्कारांकडे या. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसांत फौजदार झाले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. त्यानंतर खाशाबा आणखी तेवीस वर्षं जगले. दरवर्षी यादी निघायची, दरवर्षी त्या यादीत ते नसायचे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत मात्र त्यांना मशाल घेऊन धावायला बोलावलं. पदकवाल्या पैलवानाच्या हातात देण्यासारखं दिल्लीला तेव्हा तेवढंच सुचलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, आणि मग सगळे जागे झाले. राज्याचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. हॉल २०१० मध्ये. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. माणूस गेल्यावर त्याची कारकीर्द अशी बहरते.

आणि गोळेश्वरचं स्मारक? त्यांच्या नावानं कुस्ती संकुल उभारायची घोषणा झाली, ती वर्षानुवर्षं घोषणाच राहिली. २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं शेवटी जाहीर केलं की पैसा येत नसेल तर पदक लिलावात काढतो. पदक मिळवायला प्राचार्यांचं घर गहाण, पदकाचं स्मारक करायला पदकच विकायला!

एकटे खाशाबाच असे, असं मुळीच नाही. ध्यानचंद १९७९ मध्ये याच दिल्लीत, एम्सच्या साध्या जनरल वॉर्डात गेले. इंडिया गेटजवळच्या नॅशनल स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं २००२ मध्ये. त्याच वर्षी जीवनगौरवाचा ध्यानचंद पुरस्कारही निघाला. २०२१ मध्ये टोकियोत हॉकी संघानं कांस्य जिंकलं आणि दुसऱ्याच दिवशी राजीव गांधी खेलरत्नचं मेजर ध्यानचंद खेलरत्न झालं. म्हणजे काही वर्षं एकाच समारंभात एकाच माणसाच्या नावाचे दोन पुरस्कार वाटले जात होते, एक वरचा, एक खालचा. मग २०२४ च्या पुरस्कारांपासून खालचा बंद करून त्याचा 'अर्जुन जीवनगौरव' केला. गेलेल्या माणसाच्या फायलींमध्ये जिवंतपणी होत नाहीत तितक्या बदल्या होतात.

त्या नव्या जीवनगौरवाचे मानकरी आमचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्लेला जवान, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. राष्ट्रपती भवनात 'अर्जुन' हातात पडला १७ जानेवारी २०२५ ला. १९७३, १९७४ अशी वर्षं मोजत बसू नका. मध्ये अर्धं शतक गेलं. पेटकरांनी एकच गोष्ट हुशारीची केली. ते टिकले. वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुरस्कार स्वतः जाऊन घेतला, म्हणून 'मरणोत्तर' हा शब्द छापायचा वाचला.

त्याच दिवशी मनू भाकरला खेलरत्न मिळालं. पॅरिसमध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन पदकं जिंकलेली ही झज्जरची पोरगी, आणि डिसेंबरात तिचं नाव यादीत नसल्याच्या बातम्या आल्या. अर्ज भरण्यात आपल्याकडूनच काही राहिलं असेल, असं बिचारीनं लिहिलं. अर्ज! आपल्या देशात पुरस्कार मिळवायला अर्ज करावा लागतो. पदक साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं तरी मंत्रालयाला ते फॉर्ममध्ये दिसायला हवं. खाशाबांनी बहुधा फॉर्म भरला नसावा. फौजदाराला फुरसत कुठे.

यावर आपल्या क्लबांनी, मंडळांनी हसू नये. तुमचं आमचं काय वेगळं आहे? गुडगाव-नोएडापासून कराड-सांगलीपर्यंत तोच मांडव, तोच फ्लेक्स. फ्लेक्सवर दिवंगत सभासदाचा पासपोर्ट फोटो कोपऱ्यात, नगरसेवकाचा मधोमध. 'कै. अमुक स्मृती चषक' सकाळी सातला, पाहुणे साडेनऊला. तोवर चौदा वर्षांखालची पोरं बूट काढून, सावली बघून बसलेली. चषकाखालचा लाकडी ठोकळा घरी पोचेपर्यंत निखळतो. आणि ते कै. हयात असताना वर्गणीसाठी दाराशी आले, तेव्हा हीच मंडळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाली होती.

खेलरत्नची रक्कम २०२० मध्ये साडेसात लाखांवरून २५ लाख झाली. उत्तम. पण ती मिळते पदकानंतर, जेव्हा राज्यं कोटींच्या घोषणा करत असतात आणि कंपन्या दारात रांग लावतात. खाशाबांना ७,००० हवे होते ते हेलसिंकीला निघायच्या आधी. तेव्हा दार एकच उघडं होतं, आणि ते दारही गहाण पडलं. अर्जुनाच्या नावाचा पुरस्कार आहे, द्रोणाचार्यांच्या नावाचा आहे. ऐनवेळी खिशातून पैसे काढणाऱ्या माणसाच्या नावाचा एकही नाही. प्राचार्य खर्डेकर पुरस्कार काढायला खरं तर कुणाची हरकत नसावी. अट एवढीच, की तो स्पर्धेच्या आधी द्यायचा.

तेव्हा स्मृती चषकाचं पावतीपुस्तक छापायला टाकलेल्या कार्यवाहांनो, या वर्षी एक करा. मांडव, फ्लेक्स, पाहुण्यांची शाल आणि नारळ यांचा खर्च एका कागदावर मांडा. तेवढ्यात तुमच्याच क्लबातल्या एखाद्या पोरीचं राष्ट्रीय स्पर्धेचं थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि एक बऱ्यापैकी बूट बसतात का ते बघा. बसतात. तिकीट काढा. कै. अमुकांचा फोटो तिच्या किटबॅगेत ठेवायचा असेल तर तोही ठेवा, त्याला नगरसेवकाची परवानगी लागत नाही.