सनरूमवाल्यांनो, उन्हाचे पैसे कुठे मांडलेत?

रा. रा. सनरूम-विक्रेते महोदय यांसी,


आपलं दरपत्रक देखणं आहे. टफन्ड काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी, मजुरी, वर १८ टक्के जीएसटी. खिळ्या-स्क्रूचाही हिशेब आहे, फक्त उन्हाचा नाही. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत जेमतेम तोंड दाखवतो, म्हणून त्याला धरून ठेवायला काचेची खोली लागते. आमची मानोरा तालुक्यातली इंझोरी विसाव्या अक्षांशाच्या जरा वर. २० मेच्या आसपास इथे दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते आणि पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पॉलीहाऊसवाला शेतकरीसुद्धा हे जाणतो. तो रोपांसाठी झडपा उघड्या ठेवतो. आपण मात्र त्या पेटीत माणसं बसवणार. मग पडदे, मग एसी, मग वीजबिल. आधी पैसे मोजून ऊन घरात आणायचं आणि पुढे दरमहा पैसे मोजून त्याला हाकलायचं!

आपण म्हणाल, उष्णता अडवणारी दुहेरी काच आहे. आहे, आणि ती कामही करते. पण मग ऊन जितकं कमी, किंमत तितकी जास्त, असाच तो सौदा झाला. आपण म्हणाल, ड जीवनसत्त्व मिळेल. साहेब, ते ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होतं, ते किरण साधी काचही अडवते. ते जीवनसत्त्व अंगणात फुकट मिळतं. घराची किंमत वाढेल म्हणता? तूर्तास ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरची घरपट्टीची आकारणी तेवढी वाढेल.

खरा संताप पुढेच आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या अख्ख्या घरकुलाला २०१६ पासून १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. म्हणजे चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये, त्यात पाया, भिंती, छत, चूल, सगळं. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. ऊन छतावरच अडवावं, एवढं सरकारलाही कळलं! ज्या गावात टिनाखाली माणसं मे महिन्यात भाजून निघतात, तिथे आपण उन्हाची चैन विकायला निघालात. लाज वाटू द्या.

तरी आपल्या मालाला मी सरसकट शिव्या देणार नाही. टोरंटोला लेकाकडे गेलेली एखादी आई जानेवारीत चार दिवस बाहेर पडू शकत नाही. काचेआडच्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून ती बसते, तेव्हा त्या खोलीचा पैसा वसूल होतो. मुंबई-पुण्याच्या अंधाऱ्या फ्लॅटचं दुःखही खरं आहे. आणि आपल्यालाही टार्गेट असेल, वर कुणीतरी साहेब असेल. पण म्हणून ओटा, सपरी आणि दारचा निंब ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते सगळं पाडून काच लावायला सांगू नका.

तेव्हा विनंती एवढीच: दरपत्रकात पडदे, एसी आणि एप्रिल ते जूनचं वीजबिल यांचे रकाने वाढवा, खालची बेरीज ठळक अक्षरांत छापा आणि मगच इंझोरीला या.

कळावे.