वॅट-अवरकाका

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडची धावपळ सुरू झाली, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत वॅट-अवरकाकांचा हंगाम सुरू होतो. असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. दिसत नसतील, तर सध्या मुलाकडे अमेरिकेला गेलेले असतात. पोराला कॉलेज कुठलं मिळालं याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. "ब्रँच कोणती?" एवढंच विचारतात.

"मेकॅनिकल? मग मॅकबुकचं नाव काढू नका. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. बीकॉमला असता तर मीच म्हटलं असतं, घेऊन टाका. २०२० मध्ये एम१ चिप आली तेव्हापासून बॅटरीत ते लोक भलतेच पुढे गेलेत."

इथे पोराचे बाबा चाचरत म्हणतात, की जाहिरातीत अठरा तास बॅटरी लिहिली होती. काका याचीच वाट बघत असतात.

"अठरा तास कशाचे? ब्राइटनेस उतरवून एकच व्हिडिओ लावून ठेवायचा आणि मोजायचं! तुमचं पोर काय अठरा तास पिक्चर बघत बसणार आहे?"

(आईच्या चेहऱ्यावरून तशी शक्यता नाकारता येत नाही.)

मग वाण्याच्या बिलामागे गणित मांडलं जातं. बॅटरी ५० वॅट-अवरची, नोट्स काढताना लॅपटॉप खाणार साधारण १० वॅट, म्हणजे पाच तास. नुसते मिलिअँपिअर सांगणाऱ्याला हाकलून द्यायचं. व्होल्टने गुणल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. प्रोसेसरच्या नावामागे 'यू' असेल तर खाणं बेताचं, 'एच' असेल तर खादाड. गेमिंगवाल्याची बॅटरी मोठी असते, पण ग्राफिक्स कार्ड जागं झालं की तास-दीड तासात मान टाकतो. "आणि वर्गात प्लग पॉइंट असतात दोन. त्यातला एक प्रोजेक्टरला!" शिवाय बॅटरी १०० वॅट-अवरच्या वर नको, विमानात न्यायला एअरलाइनची परवानगी लागते. पोराने अजून पहिल्या वर्षाची फी भरलेली नसते. काका त्याला एमएसला पोचवून परत आलेले असतात.

पोराला हवा असतो फक्त लाल दिव्यांचा कीबोर्ड. त्याला कोणी विचारत नाही.

दुकानात तर काकांना नुसतं बघावं. शोपीस समोर आला की ते खुर्ची ओढून बसतात, काळी खिडकी उघडून एका बोटाने कमांड टाइप करतात आणि बॅटरी रिपोर्ट काढतात. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन आकड्यांवर बोट ठेवून, दूधवाल्याला पाणी घालताना पकडल्यासारखे ते सेल्समनकडे बघतात. "अहो काका, हा डेमोचा पीस आहे, रात्रंदिवस चार्जरवर असतो," असं तो कळवळून सांगतो. "तेच तर म्हणतोय मी!" काका विजयी. तास दोन तासांनी मंडळी एक माहितीपत्रक घेऊन घरी परततात.

खरेदी उरकली तरी सुटका नाही. लिफ्टमध्ये पोराला गाठून, "ऐंशीला थांबवतोस ना रे चार्जिंग? सतत शंभरावर ठेवलीस तर लवकर म्हातारी होईल ती!" पोर मान डोलावतं आणि चौथ्याऐवजी दुसऱ्याच मजल्यावर उतरतं.

काकांचं गणित मात्र चोख असतं, हे मान्य करायला हवं. तेव्हा घरात बारावी झालेलं पोर असेल तर काकांना चहाला जरूर बोलवा, आणि ते वाण्याचं बिल जपून ठेवा. दुकानात मात्र त्यांना न सांगता जा.