समुद्राने वेळ पाळावी

कोकणची सहल आता एक्सेलमध्ये पार पडते. गाडी काढून प्रत्यक्ष जाणं ही त्यानंतरची औपचारिकता. नाताळच्या आठवड्यात पुण्याहून ताम्हिणी घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत असंच एक जोडपं होतं. त्यांना आपण श्री आणि सौ म्हणू, कारण खरी नावं छापली तर आमच्या सोसायटीत पुढच्या सभेला मला खुर्ची मिळायची नाही.

श्रींनी तक्ता केला होता. पाच दिवस, चार मुक्काम, सदतीस 'पॉइंट'. रकाने असे: ठिकाण, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, फोटो किती, शौचालय आहे की नाही. शेवटच्या रकान्यात 'झालं' लिहून तो हिरवा करायचा. हिरवा रंग भरण्याचा मान श्रींकडे आणि गाडी चालवण्याचं काम सौंकडे, कारण त्यांना ती चालवता येते. हे गुपित कोकणाला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. पेट्रोलपंपावर, घाटातल्या चहाच्या टपरीवर, फेरीबोटीच्या धक्क्यावर सगळ्यांनी सूचना दिल्या त्या श्रींना. "साहेब, डावीकडे दाबा. अजून. हां, बस." साहेब डावीकडच्या सीटवर बसून वेफर्स खात होते. त्यांनी मान डोलावली, सौंनी गाडी दाबली.

तक्त्यात सगळं होतं. एकच रकाना राहिला होता, समुद्राचा.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे आपण सगळ्यांनीच भूगोलाच्या पेपरात लिहिलेलं आहे. मार्क मिळाले, विषय संपला. किनाऱ्यावरच्या माणसाचा संपला नाही, कारण त्याला त्याच पाण्यात होडी लोटायची असते. त्याने त्याचं गणित करून ठेवलंय: तिथीची पाऊणपट करा, भरती किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. त्याच्या आगेमागे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. ना रेंज लागते, ना चार्जर.

श्री आणि सौ हरिहरेश्वरला पोहोचले ते पंचमीला दुपारी साडेतीन वाजता. तक्त्याप्रमाणे 'प्रदक्षिणा मार्ग, 40 मिनिटं, फोटो 25'. हा मार्ग डोंगराच्या पायथ्याशी, लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांवरून जातो आणि फक्त ओहोटीला मोकळा असतो. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे आमचं जोडपं अरबी समुद्राशी पंधरा मिनिटांचं अंतर राखून समोरासमोर आलं. पायऱ्यांच्या तोंडाशी नारळ विकणाऱ्या बाईंनी खाली जाऊ नका म्हणून सांगितलं.

"मग उघडतं कधी?" श्रींनी विचारलं.

"उघडतं काय? पाणी उतरलं की जायचं. उद्या सकाळी दहा-सव्वादहाला या."

"उद्या दहाला आम्ही बाणकोटच्या फेरीबोटीत आहोत," श्री म्हणाले आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू पुढची तारीख त्यांनीच अडवून धरली होती. मग तिथेच उभं राहून पंचवीस फोटो काढले आणि रकाना हिरवा केला. इथे अनेक पर्यटक वाहून गेले आहेत, याचा फलक वाचायला मात्र तक्त्यात वेळ धरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बागमांडला ते वेसवी ही सावित्रीच्या, म्हणजेच बाणकोटच्या खाडीवरची फेरी. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं आणि त्याआधी धक्क्यावरची वाट पाहणं. माझं मत विचाराल तर या किनाऱ्यावर पाहण्यासारखं जे काही आहे, त्यातलं अर्धं या धक्क्यांवरच आहे. पाट्यांवर पदर टाकून बसलेल्या कोळणी, एसटी चुकलेले मास्तर, स्कूटीच्या पायात कोंबलेली गॅसची टाकी आणि 'दादा, पुढच्या बोटीला बारी आहे' म्हणत तिकीट फाडणारा पोरगा. सौ गाडीतून उतरल्या, कठड्याला टेकल्या आणि एका कोळणीशी बोलू लागल्या. बोंबील कोणते घ्यायचे, कसे साफ करायचे, जावई कुठे असतो इथवर गप्पा गेल्या. श्री काचा वर करून गाडीत बसले आणि तक्त्यात लिहिलं, 'वेळ वाया: 50 मि.'

त्यांची ही तक्रार सरकारदरबारी फार पूर्वीच पोचलेली आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे 1980 च्या आसपासची. आता तो सुमारे 500 किलोमीटरचा होणार असून आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल येणार आहेत. आले की फेरीबोटी जातील आणि कोळणीशी गप्पा मारायची आपत्ती कोणावर ओढवणार नाही. अर्थात, घाबरायचं कारण नाही. बाणकोटच्या खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब कित्येक वर्षं पाण्यात पाय सोडून बसले आहेत आणि शेजारच्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीच्या क्लासला जाऊ लागली आहेत. कोकणातला पूल आणि कोकणातला फणस, दोन्ही पिकायला वेळ लागतो. फणस निदान दरवर्षी पिकतो.

'येवा, कोकण आपलाच असा' हे वाक्य कोणी पहिल्यांदा म्हटलं ठाऊक नाही, पण म्हणणाऱ्याने ते विनयाने म्हटलं होतं. पाहुण्यांनी ते सातबाऱ्याचा उतारा म्हणून वाचलं. त्यामुळे दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर, षष्ठीला दुपारी दोन वाजता, 'वाहने वाळूवर नेऊ नयेत' या फलकाला वळसा घालून श्रींची गाडी वाळूवर उतरली. होय, श्रींची. पाच दिवसांत त्यांनी स्टिअरिंग एकदाच हातात घेतलं, ते या रीलसाठी. सौ मोबाइल धरून उभ्या, गाडीने पाण्याच्या कडेकडेने फवारे उडवत यायचं, मागे गाणं. गाडी आली, फवारे उडाले आणि चाळीस पावलांवर ओल्या रेतीत पुढची दोन्ही चाकं निवांत बसली. श्रींनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी निवांत बसली.

गाडी रुतली की किनाऱ्यावर माणसं कुठून येतात, हा संशोधनाचा विषय आहे. एक म्हातारबा बैलाला धरून उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"आज सट ना? साडेचारला पाणी भरणार. दोन वाजले."

"आजोबा, पाणी इथपर्यंत येतं?"

म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही. मागे सुरूच्या बनापाशी वाळक्या शेवाळाची एक रेघ उमटलेली होती, तिकडे नुसती हनुवटी उडवली. रेघ गाडीच्या मागे होती.

ट्रॅक्टर आला. वाळूतून गाडी काढण्याचा भाव हा या किनाऱ्यावरचा सर्वांत शास्त्रशुद्ध भाव आहे. तो भरतीशी थेट जोडलेला असतो. टायर ओला असताना एक, दार उघडता येईनासं झालं की दुसरा आणि बॉनेटवर फेस आला की तिसरा. श्रींनी पहिल्या भावावर घासाघीस सुरू केली आणि ती यशस्वी होता होता दुसरा भाव लागू झाला. साखळी बांधल्यावर ट्रॅक्टरवाला पोरगा स्टिअरिंगवर येऊन बसलेल्या सौंना म्हणाला, "मॅडम, तुम्ही उतरा, साहेबांना बसू द्या स्टिअरिंगवर." सौ उतरल्या नाहीत. गाडी निघाली. रील मात्र पडली. म्हणजे टाकली, आणि खाली लिहिलं, 'कोस्टल वाइब्स'.

गुहागरला मुक्काम घरगुती होता. पोचायला रात्रीचे साडेआठ झाले. दुपारीच श्रींनी काकूंना फोन करून मेनू व्हॉट्सॲपवर मागवला होता. काकू म्हणाल्या, "मेनू कसला? जेवण आहे." पानात गरम भात, कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी, पोह्याचा पापड आणि सोलकढी. सौ खाली मान घालून जेवत होत्या. श्रींनी विचारलं, "पनीरचं काही नाही का?" नाही. "मग आमरस?"

काकूंनी वाटी खाली ठेवली. "आमरस? आत्ता मोहोर आहे झाडावर. बघायचा असला तर सकाळी मागल्या अंगणात या."

हापूस मार्चच्या सुमारास बाजारात दिसू लागतो, एप्रिल-मेमध्ये खरा हंगाम. पण बारमाही डबाबंद आमरसाने वाढलेल्या पिढीला आंब्याला झाड लागतं हेच पुष्कळ आहे, ऋतूही लागतो हे कसं सांगायचं? वेळासच्या वाटेवर यांनीच कासवांची पिल्लं दुपारी किती वाजता सोडतात, असं विचारलं होतं. पिल्लं वाळूतून बाहेर येतात ती बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. कासवाची मादी अंडी घालताना पुण्यातल्या शाळांच्या सुट्ट्या बघत नाही, हा तिच्या नियोजनातला दोष मानावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रींनी काकूंच्या घराला चार तारे दिले. पाचवा का नाही? 'रात्री समुद्राचा आवाज येतो.'

हेदवीची बामणघळ अकराला. किनाऱ्याच्या कातळात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट आत शिरते, कोंडते आणि कारंज्यासारखी वर उसळते. मात्र भरतीची. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे अकराला बरोब्बर ओहोटी आणि वर भांगाचे दिवस. श्री-सौ चिरेच्या काठावर उभे राहून आत पाहत होते. खाली एक खेकडा वर पाहत होता. "व्हिडिओत तर वीस फूट उडतं," श्री म्हणाले. म्हणजे जिथे पाणी नको तिथे हे भरतीला गेले आणि जिथे पाणी हवं तिथे ओहोटीला. योगायोगाने इतकं अचूक चुकत नाही. त्याला तक्ताच लागतो.

पुढचा प्रवास वेगात झाला. जयगडहून गणपतीपुळ्याला येताना मालगुंड लागतं. केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. गाडीचा वेग तिथे कमी झाला तो गतिरोधकामुळे. रत्नागिरीत थिबा पॅलेसला पंचवीस मिनिटं होती. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 साली तो इथेच वारला. तीस वर्षं एकच समुद्र. सक्तीची का होईना, कोकणची सहल निवांत केलेला हा एकच पर्यटक म्हणायचा आणि त्याची आपल्याला कीव येते.

विजयदुर्गावर श्रींनी मोबाइलवरून माहिती वाचून दाखवली: 18 ऑगस्ट 1868 च्या सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने याच ओट्यावरून हेलियमचा शोध लावला. ही माहिती सगळीकडे आहे, एवढाच तिचा पुरावा. लॉकियर 1868 साली इंग्लंडात होता. त्या ग्रहणाला हिंदुस्थानात आलेला फ्रेंच यान्सन गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गावर आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. पण ओटा खरा आहे, त्यावर बसून फोटो झकास येतो आणि फोटोत साल दिसत नाही.

मालवणात पोचेपर्यंत सदतीसपैकी चौतीस रकाने हिरवे झाले होते. उरलेल्या तिनांत सिंधुदुर्ग किल्ला होता, कारण होड्यांची रांग तक्त्यापेक्षा लांब निघाली. 1664 साली ज्याच्या बांधकामाला महाराजांनी हात घातला, तो किल्ला श्रींनी धक्क्यावरून पाहिला आणि थोडा विचार करून रकाना फिकट हिरवा केला.

परत आल्यावर श्रींनी पर्यटन खात्याला एक निवेदन लिहायला घेतलं आहे, असं ऐकतो. प्रदक्षिणा मार्गांवरची ओहोटी सकाळी चेक-आउटनंतर, म्हणजे साडेअकराच्या पुढे ठेवावी. बामणघळीचे दोन खेळ असावेत आणि नाताळच्या सुट्टीपुरता तरी थोडा हापूस आधी पिकवण्याची व्यवस्था व्हावी. आपल्याकडे निवेदनांचं जे होतं ते पाहता, हे मंजूरही होईल.

तोवर तुम्ही निघणार असाल, तर तक्ता जरूर करा, पण भिंतीवरचं कालनिर्णय काढून गाडीत टाका आणि तिथीची पाऊणपट करून मगच वेळा भरा. जेवायचं असेल त्या घरी आदल्या दिवशी कळवा आणि जे वाढतील ते जेवा. गाडी वाळूत घालू नका. घातलीतच, तर ट्रॅक्टरवाला सांगेल तो पहिला भाव मुकाट्याने द्या. दुसरा नेहमी जास्तच असतो.