गाडी पाहावी बांधून

विकाऊ मोटारींच्या जाहिराती वाचण्याचा मला नाद आहे. गाडी घ्यायची नसते, तेवढी ऐपतही नसते, त्यामुळे वाचन अगदी निर्मळ मनानं होतं. आपल्याकडच्या जाहिराती मात्र फार मितभाषी. एकहाती वापर, विमा चालू, टायर नवे, किंमत बोलून ठरवू, संपलं. रस असतो तो इंग्लंडातल्या जुन्या मोटारींच्या मासिकांत, अगदी शेवटच्या पानांवर. तिथे अधूनमधून अशी एक जाहिरात भेटते: लोटस सेव्हनच्या धाटणीची, घरी बांधलेली स्पोर्ट्‌स कार विकणे आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल फोर्ड एस्कॉर्टचा. सीट दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या. रंग घरीच मारलेला, लांबून चांगला दिसतो. (हा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या जाहिरातीत दाखवा!) आणि शेवटी विकण्याचं कारण: गुडघे.

हे कारण पटायला ती गाडी डोळ्यांसमोर आणावी लागते. सेव्हनला खऱ्या अर्थानं दारंच नाहीत. छत काढायचं, एक पाय बाहेरून थेट सीटवर ठेवायचा, काचेच्या चौकटीला धरायचं, दुसरा पाय आत घ्यायचा आणि मग दोन्ही पाय सरळ करून पुढच्या बोगद्यात सरकवत सरकवत खाली बसायचं. बसल्यावर हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला टेकतात. पाऊस आला की छत चढवायचं, आणि ते चढेपर्यंत सहसा पाऊस थांबलेला असतो. साठीतल्या माणसाला यात बसता येतंही एकवेळ. उठायला मात्र शेजाऱ्याला हाक मारावी लागते.

मूळची लोटस सेव्हन १९५७ ची. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरनं काढलेली. वजन जेमतेम अर्धा टन, म्हणजे आपल्या मारुती आठशेहूनही कमी. चॅपमनचा वजनावर इतका राग होता, की गाडीत जे नाही ते मोडत नाही, या हिशेबानं त्यानं ती बांधली असावी. ती तयार मिळे, तशी सुट्ट्या भागांच्या खोक्यांतही मिळे. खोक्यांचं कारण निव्वळ व्यावहारिक होतं. त्या काळी ब्रिटनमध्ये नव्या मोटारीवर भरपूर खरेदीकर होता. सुटे भाग नेऊन ज्यानं त्यानं घरी जोडले तर तो लागत नसे. अट एवढीच, की सोबत जोडणीची माहिती द्यायची नाही. म्हणून, असं सांगतात, कंपनी गाडी खोलायची कशी याची माहिती द्यायची, आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं. इंग्रज माणूस कायदा मोडत नाही म्हणतात ते हेच. १९७३ मध्ये खरेदीकर गेला, व्हॅट आला आणि ही सोय संपली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम या आपल्याच विक्रेत्याला देऊन टाकले. केटरहॅम ती आजतागायत बनवते आहे.

पण केटरहॅमही काही फुकट देत नाही. तेव्हा १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असं त्याच्या नावातच वचन. त्या पुस्तकानं इंग्लंडातली किती गॅरेजं गाड्यांना पारखी केली असतील, कोण जाणे. रेसिपी सरळ होती. गंजलेली, मरायला टेकलेली एखादी जुनी एस्कॉर्ट आणायची, तिचं काळीज आणि हातपाय काढून घ्यायचे आणि उरलेलं भंगारात द्यायचं. एक इंची चौकोनी पोलादी नळ्या आणायच्या, हॅकसॉनं मापात कापायच्या, प्लायवूडच्या फळीवर आखणी करून त्यावर मांडायच्या आणि वेल्डिंग करायचं. वेल्डिंग येत नसेल तर शिकायचं. मग बाजूंना ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि ते जागेवर बसवायला पॉप रिव्हेट. टक्, टक्, टक्. शेकड्यांनी. रविवारी दुपारी शेजारी झोपलेले असताना.

यातली गंमत पुढे उघड झाली. चॅम्पियनच्या रेसिपीत भंगार म्हणून घ्यायची ती जुनी एस्कॉर्ट आज शौकिनांच्या बाजारात सोन्याच्या भावानं जाते. म्हणजे त्या काळी ज्यांनी ती कापून स्पोर्ट्‌स कार बनवली, त्यातल्या कितीकांनी महाग गाडी मोडून स्वस्त गाडी बांधली. हा विषय त्यांच्यासमोर काढू नये.

२५० पौंडांचंही तसंच. ‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्यांना ही मंडळी भेटली असती, तर गाडीचाही समावेश त्या म्हणीत झाला असता. पावत्यांची एक फाइल असते. पहिल्या वर्षाच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या, मधल्या नुसत्याच कोंबलेल्या, आणि एका टप्प्यानंतर पावत्याच नाहीत. तिथे बेरीज करायचं धैर्य संपलेलं असतं, किंवा फाइल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागायची भीती वाटू लागलेली असते. आणि तासांचं काय? पाच-सहा हिवाळे थंड गॅरेजमध्ये काढलेल्या माणसानं ताशी मजुरी लावली, तर गाडीची किंमत फेरारीच्या आसपास जाईल. म्हणून कुणी ती लावत नाही. तरी सांगितलेल्या आकड्यात तिचा थोडा वास येतोच, आणि गिऱ्हाइकाला तो बरोबर कळतो.

गाडी बांधून झाली तरी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी असते. ती गमतीची असते, निदान ऐकणाऱ्याला. बाहेर आलेली कुठलीही कड अडीच मिलिमीटरच्या गोलाईपेक्षा टोकदार नको. कुणा पादचाऱ्याला धडक बसली तर त्याला कापू नये, एवढी काळजी. मग बांधणारा गाडीभर रबरी पट्ट्या डकवतो, प्रत्येक नटावर प्लास्टिकची टोपी घालतो, आणि टोप्या-टोपड्यांतली ती गाडी बाळंतिणीच्या खोलीतून निघाल्यासारखी तपासणीला जाते. पास होऊन घरी आली की त्याच संध्याकाळी निम्म्या टोप्या पुन्हा डब्यात. शिवाय गाडी आपणच बांधली हे दाखवायला बांधकामाचे फोटो हवेत. म्हणून अशा प्रत्येक माणसाकडे ग्रीसनं माखलेल्या हातात पाना धरून, अवघडून हसताना काढलेला आपला एक फोटो असतो. गाडीच्या भागांचा नीट कुलवृत्तांत देता आला नाही, तर नंबर मिळतो क्यू अक्षराचा. हिचं वय आणि मूळ नक्की सांगता येत नाही, याची ती जाहीर पाटी. विकायला काढली की क्यू नंबर भाव पाडतो.

आणि मग गिऱ्हाईक येतं. गाडीभोवती एक फेरी मारतं, खाली वाकून वेल्डिंग पाहतं आणि विचारतं, ‘पण ही खरी लोटस नव्हे ना?’

खरी लोटस म्हणजे काय, ते मला या प्रश्नकर्त्याला सांगावंसं वाटतं. चॅपमन लंडनमध्ये कॉलेजात असताना जुन्या मोटारी घेऊन विकायचा. १९४७ मध्ये खासगी मोटारींना मिळणारं पेट्रोलचं रेशन बंद झालं, जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला आणि त्याच्या हाती न खपलेली एक ऑस्टिन सेव्हन उरली. ती त्यानं होणाऱ्या बायकोच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात मोडली आणि प्लायवूड-ॲल्युमिनियमचं नवं अंग घालून १९४८ मध्ये उभी केली. तीच पहिली लोटस. म्हणजे दुसऱ्याची स्वस्त गाडी मोडून, दुसऱ्याच्या गॅरेजात, हातात होतं त्यातून केलेली. आज घरी गाडी बांधून विकायला काढणाऱ्या गृहस्थानं वेगळं काय केलं? उलट कारखान्यातून कोरी गाडी विकत आणणारा या परंपरेत थोडा उपराच म्हणायला हवा. (हे मत माझं. केटरहॅमच्या मालकांसमोर मी ते बोलणार नाही.)

१९६७ च्या ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेत पॅट्रिक मॅकगूअन सेव्हन चालवतो. एका भागात ती गाडी आपलीच आहे हे पटवायची वेळ येते, तेव्हा तो इंजिनाचा नंबर सांगतो आणि गाडी मी स्वतःच्या हातांनी बांधली आहे म्हणतो. मालकीचा याहून पक्का पुरावा कोणता? आरसीबुकात काय, कुणाचंही नाव लागतं.

आपल्याकडे हा छंद कायद्यात बसवणं कठीण. तरी सेव्हनच्याच वळणाची एक रोडस्टर अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं बनवली होती, अँबॅसडरमध्ये येत असे त्या इसुझूच्या इंजिनावर. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं तर भंगारातून, साठेक हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप उभी केली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि २०२२ च्या सुरुवातीला त्याला बदल्यात कोरी बोलेरो मिळाली. पैशाच्या हिशेबात हा सौदा झकासच. पण बोलेरोत काही बिघडलं तर तिला शोरूमला न्यायची. त्या गृहस्थानं रात्री बोनेट उघडून आत काय पाहायचं?

कारण मला वाटतं खरी गोम इथेच आहे. जाहिरातीतली कारणं, म्हणजे गुडघे, जागेची अडचण, घरात नवा पाहुणा, ही सगळी खरी असतीलही. पण गाडी पुरी झाली की बांधणाऱ्याला काम उरत नाही. चालवायची म्हणजे काय, नुसतं बसून राहायचं! चार रविवार तो हिंडतो, पाचव्या रविवारी गॅरेजात जातो आणि रिकाम्या फळीकडे पाहत उभा राहतो. विकत घेणारा नेमकं तेच नेतो, ज्यात विकणाऱ्याचा जीव आता फारसा नाही. म्हणून घासाघीसही फार चालत नाही. पावत्यांची फाइल, फोटो, उरलेल्या रिव्हेटांचा डबा, सगळं सोबत दिलं जातं, आणि कुठला नट दर हजार मैलांनी आवळायचा हे तीनदा सांगितलं जातं.

त्या जाहिरातींत तळाशी कधी कधी बारीक टायपात एक ओळ असते, किमतीच्याही खाली. बदल्यात जुनी माझदा एमएक्स-५ चालेल. गंजलेली असल्यास उत्तम.