जुनेरांची टंचाई

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. डोहाळजेवण उरकलं की बायको जिंतूर तालुक्यातल्या तिच्या गावी, आणि परभणीच्या घरात मी आणि आई. शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. मी यादी केली.

यादी मोबाईलवरून उतरवलेली, त्यामुळं ती बहुधा बर्फातल्या बाळाची होती. लोकरीचे बूट, हातमोजे, कान झाकणारी टोपी आणि अंघोळीच्या पाण्यात सोडायचं प्लास्टिकचं बदक, पाणी जास्त गरम असलं की लाल दिवा लावणारं. बाळ येणार होतं एप्रिलात. तरी कच्छी बाजारातल्या दुकानदारानं डिसेंबर 2018 ची आठवण काढली. आपल्या कृषी विद्यापीठात तेव्हा 2 अंशांची नोंद झाली होती, हे सांगून त्यानं बूट माझ्या गळ्यात मारले. बदक मी घरी आल्या आल्या गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात सोडून पाहिलं. त्यानं जो लाल दिवा लावला, तो संध्याकाळपर्यंत विझवला नाही.

दुधाच्या बाटल्या मात्र निव्वळ स्वतःच्या अकलेनं घेतल्या. त्यांची जाहिरात करायला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे कुणी भुलवलं, असंही म्हणायची सोय नाही. शिवाय सोन्याच्या अंगठीनं चाटवायला मध.

आई शेंगा निवडत बघत होती. ‘‘कामून आणलंस रे एवढं? लेकरू व्हायच्या आधी नवं कापड घरात आणू नाही.’’

ही अंधश्रद्धा आहे, असं मी तिला समजावून सांगितलं. सामान ठेवायला जागा हवी होती, म्हणून आई एकादशीला गंगाखेडला गोदावरीवर गेली तेव्हा तिची पत्र्याची पेटी उघडली. आत नुसती बोचकी. धुऊन धुऊन रंग उडालेली नऊवारी लुगडी, वडिलांची धोतरं, आत्याची कुठलीशी साडी. दारावर नेमकी बोहारीण आली.

तिनं एकेक कापड उजेडात धरलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि बाजूला टाकलं. ‘‘इरलंय की दादा पार. हे कोण घेतंय?’’ मी गयावया केली. शेवटी माझी चांगली पँट वर घातली, तेव्हा कुठं स्टीलची एक बादली पदरात पडली. बाळाच्या अंघोळीला झाली, म्हणून मी खूश.

मुलगी झाली. पेढे वाटून होतात न होतात तोच सासूबाईंचा फोन. ‘‘जावईबापू, येताना विहीणबाईंकडची जुनेरं तेवढी आणा. दुपटी, लंगोट कमी पडायलेत. मऊसूत बघून आणा, इरलेली.’’

आईनं पेटी उघडली. आत लोकरीचे बूट, डांबराच्या गोळ्या आणि बदक. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. आमच्याकडं याला फार वाईट समजतात.

मग मी जुनेरं शोधायला निघालो. सुती कापड पाहिजे तेवढं मिळतं, पण सगळं कोरं. एका दुकानात ‘विरलेलं दाखवा’ म्हटल्यावर मालकानं नोकराला माझ्याकडं लक्ष ठेवायला सांगितलं. नवं धोतर आणून गच्चीवर धोपटलं. धोतर होतं तसंच राहिलं, माझा खांदा मात्र मऊ झाला. शेवटी समोरच्या काकू पावल्या. त्यांच्याकडं सासूच्या वेळची लुगडी होती. पण त्यांची नजर आमच्या ओसरीवरच्या बादलीवर गेली, आणि त्यांच्या दारात बोहारणीच्या जागी मी उभा राहिलो.

गाठोडं घेऊन गावी पोचलो, त्याच दिवशी आशाताईंची फेरी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना तान्ह्या बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढं त्याच धर्तीवर आशाताई देशभर बाळाच्या घरी जाऊ लागल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. आमचा सातवा होता. त्यांनी झोळीकाट्यावर लेकराचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावलं, आणि मग माझी पिशवी तपासली.

बाटल्या परत. अंगावरचं दूध, सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध परत, वर्षाच्या आत चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंचं तान्ह्या पोटात विष होऊ शकतं. यावर सासूबाईंनी हळूच मागं सरकवलेली वाटी मी पाहिली, पण बोललो नाही. मला त्या घरात अजून जेवायचं होतं. मच्छरदाणी पास झाली. बदक त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं.

‘‘हे कशाला?’’

‘‘पाणी किती गरम आहे ते कळतं.’’

त्यांनी घंगाळात कोपर बुडवून दाखवलं आणि बदक माझ्या हातात ठेवलं.

गाठोडं मात्र सासूबाईंनी स्वतः सोडलं. लुगडं गालाला लावून पाहिलं, मान डोलावली. माझ्या लग्नानंतर प्रथमच. मी सावरून बसलो.

‘‘कापड झ्याक आणलंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण जावईबापू, लेकराच्या अंघोळीला एखादी स्टीलची बादली आणली असती तर?’’