नागिणीला कोणता माउथपीस?

जाणकार सांगतात, क्लॅरिनेटवर पाश्चात्त्य शास्त्रीय वादनाला अरुंद फटीचा माउथपीस घ्यावा, जॅझला रुंद. पत्ती आणि माउथपीसचं टोक यांच्यात व्हँडोरेन कंपनीच्या ५आरव्ही लायरमध्ये १.०९ मिलिमीटर अंतर, ५जेबीमध्ये १.४७. अर्ध्या मिलिमीटरलाही न पोचणाऱ्या या फरकावर माणसं जन्मभर वाद घालतात.

यवतमाळच्या बँडवाल्याला ही चैन नाही. क्लॅरिनेट एक, माउथपीस एक, पत्ती टोकाला जराशी चिरलेली. त्यावरच सकाळी आरती आणि रात्री आर्णी रोडवर वरात. नवरदेवाचा मामा रुमालाचं टोक दातात धरून गुडघ्यावर बसला, की मागून फर्मान येतं, "नागिन लाव ना बे!" मग ओठ सैल सोडून सूर खालून वर घसरत न्यायचा. १९२४ साली न्यूयॉर्कात रॉस गॉर्मननं गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’ची सुरुवात अशाच चढत्या मिंडेनं केली आणि तो जॅझच्या इतिहासात गेला. इथली मींड मामानं ओवाळलेल्या दहाच्या नोटेत जमा होते.

लाकडाचाही सल्ला मिळतो: आफ्रिकन ब्लॅकवुड घ्या, आवाज गोल येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की आवाज गोल व्हायच्या आधी लाकूडच तडकायचं. जिल्ह्यात सागवान उदंड, पण त्याचे पलंग होतात. त्यापेक्षा एबोनाइट, म्हणजे कडक रबर, बरं. उन्हात हिरवट पडतं, पण वाजतं.

तेही डीजेची गाडी शेजारी येईपर्यंत. डीजेवाल्याला पत्ती ओली करावी लागत नाही, डिझेल पुरतं.